लाइटमधला माणूस

ही फजिती मीच सांगून टाकतो, कारण आई सांगायला लागली की ती फार लांबते.

इथं ऑस्ट्रेलियात टार्निटला घर घेतलं तेव्हा शेजारी आर्ने नावाचे गृहस्थ निघाले. ऐंशीच्या घरातले, सहा फूट उंच, पांढरी दाढी. नावावरून मला आधी संगमनेरकडचे कुणीतरी वाटले होते! कुंपणापाशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा विचारलं, काय काम करायचात?

"आय लुक्ड आफ्टर द लाइट. थर्टी इयर्स. अप नॉर्थ."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे 'लाइटमध्ये होते' म्हणजे काय? वीज मंडळात. आणि ऑस्ट्रेलियात नॉर्थ म्हणजे डार्विन. माझा सख्खा मामा लाइटमध्ये होता, त्यामुळे मला एकदम प्रेमच आलं.

"काम अवघड होतं का?"

"हिवाळ्यात. वादळात होडीतून जायचं, वर चढायचं. लाइट गेली तर माणसं मरतात."

केवढी ही निष्ठा! आमचा मामा पाऊस सुरू झाला की फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचा.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात सोपं. तीन महिने लाइट बंद."

तीन महिने लोडशेडिंग? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "नो वरीज, आमच्याकडेही असंच असायचं."

मग दिवाळी आली. आई पहिल्यांदाच इथं आली होती. बाबा गेले त्या वर्षी आमच्या दारात कंदील लागला नव्हता. म्हणून या वर्षी तिने पुण्याहून पतंगाचा कागद आणून, चार दिवस खपून स्वतः आकाशकंदील केला. मी तो पोर्चमध्ये टांगला. पाहुणे यायला अर्धा तास उरला, आणि कंदील काही लागेना. बल्ब बदलला, होल्डर बदलला. आई नुसती कंदिलाकडे बघत बसली. ते मला बघवेना.

"आई, काळजी करू नकोस. शेजारचे आर्ने लाइटमधलेच आहेत."

आर्ने आले ते खांद्यावर दोर घेऊनच. कंदील खालून-वरून नीट पाहिला, मऊ फडक्याने बल्ब पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "किती मैलांवरून दिसायला हवा?"

"मैल? गेटपासून दिसला तरी पुष्कळ झालं."

"आणि खडक कुठल्या बाजूला आहेत?"

आमची सई दारातूनच म्हणाली, "बाबा, ही वॉज अ लाइटहाउस कीपर. इन द आर्क्टिक. नॉर्वे! ही केम टु अवर स्कूल."

आर्नेंनी फोनवर फोटो दाखवला. त्यांच्याकडे त्याला फ्योर्ड म्हणतात: समुद्र डोंगर चिरून आत शिरलेला, दोन्हीकडे काळे सरळ कडे, आणि टोकाच्या खडकावर एक इवलासा लाल-पांढरा दीपस्तंभ. हिवाळ्यात तिथं दोन महिने सूर्य उगवत नाही. प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप वेगळी, तेवढ्यावरून कोळी आपलं गाव ओळखतात. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणून दिवा बंद. या माणसाला मी लोडशेडिंगवरून धीर दिला होता.

सईने आजीला सगळं समजावून सांगितलं. आईने आर्नेंच्या हातावर चकली ठेवली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "दिवा तुम्हीच लावा."

त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी वायरीवर बोट ठेवलं, बोट फिरवत भिंतीपर्यंत गेले, आणि प्लगपाशी थांबले. तिथलं बटण दाबलं. ते बंद होतं.

कंदील लागला. आईने डोळे पुसले, आर्नेंनीही.

त्या संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाला आई दारातच ओळख करून देत होती. "हे आर्ने. तीस वर्षं दीपस्तंभ सांभाळला यांनी. आणि हा माझा मुलगा. इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे."