मधला रकाना

खिडकीबाईंचं बावन्नाव्या वर्षी लग्न ठरतंय, ही बातमी जिनाभर पसरायला एक आठवडासुद्धा लागला नाही. पुरावा भक्कम होता. सोमवारी एक गृहस्थ टाय लावून दुसऱ्या मजल्यावर चढले, बुधवारी दुसरे, शुक्रवारी तिसरे. तिघांच्या खांद्याला बॅग, तिघांनी तास-दीड तास ठिय्या दिला, चहा घेतला आणि उतरताना तिघांचेही चेहरे परीक्षा देऊन आल्यासारखे. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर कुठल्या रंगाचं कापड बाईंना शोभेल याचा विचारही करून ठेवला.

यातलं चढणं, उतरणं आणि चहा एवढंच खरं. ते तिघे वेबसाइट विकायला आले होते.

खिडकीबाई म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या बाई. एकवीस वर्षं झाली. खिडकीमागची खोली एवढी लहान, की आत दुसरी खुर्ची ठेवायची तर पहिली बाहेर काढावी लागते. म्हणून विकणाऱ्यांना घरी बोलवावं लागलं आणि जिन्याला चघळायला विषय मिळाला. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. थोरल्या ताईंना बातमी कळली तेव्हा त्यांनी खुलासा वगैरे केला नाही. "दिसायला पहिलाच बरा होता," एवढंच म्हणाल्या.

आता तलावाला नवी वेबसाइट कशाला हवी, तर जुनी खोटं बोलायची म्हणून. ती आधीच्या चिटणिसांच्या जावयाने बांधली होती. हौसेने बांधली, निळ्या लाटाबिटा हलवल्या आणि जावई परदेशी निघून गेला. त्यानंतर वेबसाइटवरचा एक शब्द जरी बदलायचा तरी त्याला मेल पाठवायचा. त्याची सवड झाली, पोरं झोपली, की तो बदलणार. एकदा पंप बिघडला, पाणी हिरवं झालं, बाईंनी तासाभरात मेल धाडला. 'आज तलाव बंद' ही सूचना नवव्या दिवशी झळकली. त्या दिवशी तलाव उघडा होता आणि आत एक चिटपाखरू नव्हतं.

लोकांच्या शिव्या बाईंना नव्या नव्हत्या. खिडकीला गोल भोक आहे ते त्यासाठीच, असं त्या म्हणायच्या. पण त्या नऊ दिवसांत एका सकाळी एक निवृत्त मास्तर आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेलं. काठी टेकत, दोन बस बदलून आले होते. फाटकाला कुलूप. पायरीवर बसले, पिशवीतला कोरडा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि अर्ध्या तासाने उठून गेले. ते भांडले असते तर बाईंनी दोन वाक्यांत विषय मिटवला असता. ते भांडले नाहीत, हेच बाईंच्या मनात सलत राहिलं. सूचना आपल्या हाताने, आपल्या फोनवरून, त्या क्षणी लावता आली पाहिजे. त्यांना वेबसाइटकडून एवढंच हवं होतं. बाकी लाटा हलोत न हलोत.

कोणी तरी सांगितलं, याला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. सीएमएस. मजकूर आपला आपण बदलायचा, कोणाच्या जावयाची वाट बघायची नाही. थोरल्या ताई म्हणाल्या, नाव एवढं लांबलचक आहे म्हणजे काम नक्की होणार नाही.

बाईंनी कार्यकारिणीसमोर विषय मांडला आणि कार्यकारिणीने नेहमीप्रमाणे फर्मावलं, तीन पर्याय आणा, तक्ता करा.

या तक्त्याची एक गंमत आहे. तलावाच्या कार्यकारिणीत कोणतीही वस्तू घ्यायची तर तीन रकाने आखतात आणि मधला रकाना मंजूर करतात. पूर्वीच्या कोणा अध्यक्षांचं मत होतं की टोकाचं काही घेऊ नये. ते मत राहिलं, त्यामागची अक्कल त्यांच्याबरोबर गेली. त्या पद्धतीने आणलेल्या मधल्या खुर्च्या डुगडुगतात, भिंतीवरचं मधलं घड्याळ रोज सहा मिनिटं मागे पडतं आणि पंपही मधलाच आहे, म्हणून तर एवढं रामायण. तक्ते टाइप करायला एकवीस वर्षं बाईच. सभासद फक्त मधोमध बोट ठेवून 'हा' म्हणतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

म्हणजे खरी निवड बाईंनीच घरी करायची होती. ती त्यांनी स्टॉपवॉचने केली.

शर्यतींसाठी ठेवलेलं स्टॉपवॉच त्यांनी पर्समधून आणलं. अट एकच. येणाऱ्याने आपली वस्तू बाईंच्या फोनवर चालू करून द्यायची आणि मग हात मांडीवर ठेवून बसायचं. तोंडाने सांगायला परवानगी, फोनला हात लावायचा नाही. बाई सूचना लिहिणार: 'पंप बंद, म्हणून तलाव बंद.' ती दिसली की घड्याळ थांबणार. फोन कोपऱ्यात तडकलेला, आणि बाईंनी मुद्दाम बोटं पाण्यात बुडवून घेतलेली, कारण खिडकीत त्यांचे हात कधी कोरडे नसतात.

सोमवारचा टायवाला फार उंची माल घेऊन आला होता. खास तुमच्या तलावासाठी बांधून देऊ म्हणाला. चित्रं सरकत होती, पाण्याचा आवाज येत होता. बाईंनी सूचना लिहिली. ती मसुदा झाली. मसुदा संपादकाकडे गेला. संपादक कोण, तर बाईच. त्यांनी होकार दिला तेव्हा ती प्रकाशकाकडे गेली. प्रकाशक कोण ते टायवाल्यालाही सापडेना. अकरा मिनिटांनी पडद्यावर 'प्रतीक्षेत' असं आलं. थोरल्या ताईंनी त्याला दुसरा कप चहा दिला, बिचारा घामाघूम झाला होता म्हणून.

बुधवारचा सगळं जगच वापरतं ते घेऊन आला. त्याच्याकडे प्रत्येक कामाला एक निराळी जोडणी होती. सूचनेला एक, तारखेला एक, आणि त्या दोघींचं आपसात पटावं म्हणून तिसरी. चार मिनिटं दहा सेकंदांत सूचना लागली खरी, पण लगेच खाली लाल ठिपका आला की जोडण्या जुन्या झाल्या, नव्या घ्या. बाईंनी विचारलं, आत्ताच तर बसवल्या ना? तो म्हणाला, हो, पण मघाशी. ताईंनी त्याचं नाव ठिगळवाला ठेवलं.

शुक्रवारचा बारीकसा, बाहीवर शाईचा डाग असलेला. त्याने काही दाखवलंच नाही. नाव, निरोप, 'लावा' असं बटण. अडतीस सेकंद. बाईंनी पुन्हा करून बघितलं, पुन्हा अडतीस. "आणखी काय काय करतं हे?" त्यांनी विचारलं.

"फारसं काही नाही," तो म्हणाला.

एवढ्या प्रामाणिक उत्तरानंतर बाईंनी त्याला मधल्या रकान्यात बसवलं. डावीकडे ठिगळवाला, उजवीकडे टायवाला. तक्ता असा सुबक, की बोट आपोआप मध्येच जावं.

सभा पंपाच्या खोलीवरच्या माडीवर भरते. पंप चालू असला की टेबल थरथरतं आणि प्रत्येक जण ओरडून बोलतो, त्यामुळे साधं 'नमस्कार'सुद्धा भांडणासारखं वाटतं. अध्यक्ष जुने इंजिनियर. त्यांनी तक्ता पुढे ओढला, बोट उचललं. आणि खजिनदार म्हणाले, एक मिनिट.

खजिनदारांच्या मेहुण्याचाही एक पर्याय होता. वेळेवर राहून गेला, म्हणाले. पेन काढून त्यांनी तक्त्याच्या उजव्या समासात चौथा रकाना हाताने आखला, आखला तोही वाकडा.

झालं. चार रकान्यांना मध्य नसतो. अध्यक्षांचं बोट हवेत राहिलं.

पुढचा पाऊण तास जे झालं ते बाई आजही सांगताना कपाळाला हात लावतात. एक सभासद म्हणाले, पाचवा आणू, म्हणजे मध्य मिळेल. बाईंनी सांगितलं की जुन्या वेबसाइटची मुदत महिनाअखेर संपते, आज वीस तारीख. दुसरे म्हणाले, एक काढून टाकू. कोणता? यावर मेहुण्याचं नाव घ्यायची कोणाची छाती झाली नाही. बाईंनी अडतीस सेकंदांचं सांगितलं, अकरा मिनिटांचं सांगितलं, पर्समधून स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं. स्टॉपवॉच टेबलाबरोबर थरथरत राहिलं. चिटणीस म्हणाले, बाई, घाईने निर्णय होत नसतात.

शेवटी अध्यक्षांमधला इंजिनियर जागा झाला. चार रकान्यांचा मध्य म्हणजे दुसरा आणि तिसरा, दोघांच्या मधोमध. तेव्हा दोन्ही घ्यावेत, निम्मे निम्मे. सगळ्यांनी माना डोलावल्या, मेहुण्याचा मानही राहिला, कारण त्याला रीतसर तपासून नाकारलं होतं.

बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, निम्मं म्हणजे कुठलं? टायवाल्याकडे कार्यकारिणीची माहिती, तलावाचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, फोटो असं जाऊ दे का? आणि त्या दुसऱ्याकडे नुसत्या रोजच्या सूचना? सगळ्यांना ही वाटणी फार आवडली. मोठा वाटा आपल्याला आणि फुटकळ बाईंना, असं त्यांना वाटलं. बाईंना वाटलं, सुटले.

तेवढ्यात चिटणिसांनी ठरावात एक ओळ वाढवली: प्रत्येक सूचना चिटणिसांच्या मंजुरीनेच लागेल.

चिटणीस माणूस वाईट नाही. पण ते रात्री फोन बंद करतात आणि फिरून, आंघोळ करून, पेपर संपवून दहानंतर चालू करतात. तलाव सहाला उघडतो. बाई म्हणाल्या, पंप बिघडल्याचं पहाटे पाचला कळतं, दहापर्यंत लोकांनी काय करायचं? चिटणीस म्हणाले, तुम्ही मला लेखी कळवा. आणि ही ओळ टाइप कोणी करायची? बाईंनीच. घरी येऊन त्यांनी पर्स पलंगावर आपटली आणि ताईंना म्हणाल्या, मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायात दोरी बांधून, तिची गाठ नीट बसलीय का ते तपासून आलेय.

"गाठ ढिली बांधायचीस," ताई म्हणाल्या.

एक तारखेला बाईंचा निम्मा भाग सुरू झाला. एक पान, वर तारीख, खाली 'तलाव चालू'. बाईंनी त्याचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीला चिकटवला आणि आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन काढायला लावून दाखवला. कार्यकारिणीच्या निम्म्या भागात अजून लाटांचा निळा की हिरवा यावर पत्रव्यवहार चालला होता. मनोगताचा तिसरा मसुदा झाला होता.

तेराव्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी रखवालदाराचा फोन आला, पंप गेला. बाईंनी चिटणिसांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तोंड धुऊन तिसऱ्यांदा लावला. मग ठरल्याप्रमाणे त्यांनी कागदावर लेखी कळवलं, तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि ओल्या बोटांनी सूचना लावली. घड्याळ लावायचं भान राहिलं नाही. पण ताई म्हणतात, गॅसवरचं दूध वर यायच्या आत झालं.

सहाला त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्ता मोकळा. साडेसहाला फक्त एक जण आला, जो फोन वापरतच नाही, आणि त्यालाही वाटेत शेजाऱ्याने हटकलं होतं, खात्री करायला आलो म्हणाला.

साडेदहाला चिटणीस ठरावांची वही काखेत मारून खिडकीशी आले. मागे अध्यक्ष. चिटणिसांनी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, मंजुरीचं बटण कुठे आहे ते जरा मला दाखवा. बाईंनी सांगितलं, यात तसलं बटण नाही, म्हणूनच ते अडतीस सेकंदांत होतं. तिघांच्या मध्ये खिडकीचं गोल भोक. चिटणीस म्हणाले, ठराव तुम्हीच टाइप केलाय बाई, मग विचारल्याशिवाय लावलंत कसं?

बाईंनी पर्समधला कागद काढून भोकातून बाहेर सरकवला आणि म्हणाल्या, "पंप तुम्हाला विचारून बंद पडत नाही, मग मी का विचारत बसू?"