सात नंबरचा लगाम

माझी वहिनी गेमिंग सेंटर चालवते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग तिच्या पिकलेल्या केसांकडे, आणि मग विषय बदलतात. बदलेनात का. दहा मशीनं अगदी सारख्या वेगाने चालतात अशी आमच्या शहरात एकच जागा आहे, आणि ती या बाईची आहे.

बावीस वर्षं तिने रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काढली. सेंटर दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं. तो अचानक गेला आणि मागे दहा मशीनं, एक पाटी आणि तेरा वर्षांची मुलगी ठेवून गेला. सगळे म्हणाले, विकून टाक. सगळ्यात मोठ्या आवाजात मीच म्हणालो. वहिनी तीन दिवस मशीनांसमोर बसून वाचत राहिली आणि चौथ्या दिवशी मला म्हणाली, "भाऊजी, रक्ताचं मशीन काय आणि हे काय, दोन्हीकडे एकच. आकडा बरोबर यायला हवा, आणि दुसऱ्यांदा काढला तरी तोच यायला हवा. तुम्ही काउंटर सांभाळा." तेव्हापासून मी काउंटर सांभाळतोय. मला कुणी विचारलं नव्हतं, पण आमच्या घरात तशी पद्धतच नाही.

काउंटरमागच्या भिंतीवर तिने एक तक्ता लावला. बाजारातली सगळी मोठी ग्राफिक्स कार्डं, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: वेग, भाव, मिळतंय का. कंपनीने सांगितलेला वेग त्यात जायचा नाही. कुठून तरी कार्ड मागून आणायचं, मशीनमध्ये बसवायचं, झाकण बंद करून अर्धा तास तापवायचं आणि मग पडद्यावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात ते तीनदा मोजायचं. झाकण उघडं ठेवून मोजणाऱ्यांची तिला चीड होती. "गार हवेत कोण पळणार नाही?" म्हणायची. दर सोमवारी ती दुकानांना फोन करून तिसरा रकाना नव्याने लिहायची. तिच्या लेखी तोच खरा. "जे कार्ड मिळत नाही त्याचा वेग शून्य."

नुकत्याच आलेल्या कार्डावर डोळा ठेवून पोरं यायची. त्याचा आकडा सगळ्यात वर, भाव ऐकून घाम फुटेल असा, आणि तिसऱ्या रकान्यात तीन महिने "नाही". वहिनी चष्मा सारखा करत विचारायची, "घरी पडदा कुठला आहे?" पोरगं सांगायचं. मग ती बोट दोन ओळी खाली आणायची. "हे घे. वरच्याला चाळीस टक्के जास्त पैसे आणि बारा टक्के जास्त वेग. उरलेले अठ्ठावीस टक्के मित्रांना सांगण्यासाठी." पोरगं हिरमुसून जायचं आणि आठवड्याने तेच खालचं कार्ड घेऊन हसत यायचं.

आमच्या दहाही मशीनांत एकाच जातीची कार्डं. पण एक एकशे शहाऐंशी फ्रेम द्यायचं, तर दुसरं एकशे पंच्याण्णव. सख्ख्या भावंडांतही फरक असतोच. वहिनीने सगळ्यांना एकशे साठचा लगाम लावला, म्हणजे त्यावर कुणाला जाऊच द्यायचं नाही. कुणीही कुठेही बसो, आकडा तोच. त्या लगामापायीच यंदाच्या पाच-पाच जणांच्या गेमिंग स्पर्धेची अंतिम फेरी आमच्याकडे आली.

आणि त्या फेरीत आमची ठिणगी होती.

ठिणगी म्हणजे वहिनीची मुलगी. खेळातलं नाव, आता घरातही तेच. वय एकोणीस. कॉलेज सोडून तिने एक वर्ष मागून घेतलं होतं आणि मायलेकींत सरळ ठरलं होतं: जिंकली तर संघाबरोबर परदेशी मोठ्या स्पर्धेला, हरली तर सोमवारपासून प्रयोगशाळेच्या कोर्सला. मध्ये मी बोललो तर दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या. ते वर्ष पोरगी दिवसाला नऊ तास खेळत होती. मनगटाला पट्टा बांधून खेळायची. ती जिंकावी म्हणून माझा जीव किती टांगणीला लागला होता ते मी कुणाला सांगितलं नाही. तिला बाप नाही आणि मला मूल नाही.

फेरी रविवारी दुपारी दोनला. सकाळी आठ वाजता सात नंबरच्या पडद्यावर रंगीत चौकटी आल्या, करपल्याचा वास आला आणि कार्ड गेलं. वहिनीने प्लग काढला आणि ती तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली.

आमच्या जातीचं कार्ड बनायचंच बंद झालं होतं. फोनवर फोन. एका दुकानदाराकडे एक होतं, भाव दुप्पट. मी धावत गेलो, तर खोक्याचं सील एकदा काढून परत चिकटवलेलं. "एकदम नवं आहे साहेब," तो म्हणाला. कार्डाच्या पंख्यात कुणाच्या तरी मांजराचे केस होते. तक्त्यावर आमच्या खालच्या ओळीतलं कार्ड हवं तितकं मिळत होतं, स्वस्तही होतं, पण तापल्यावर एकशे चाळीसवर यायचं. आणि नव्या पिढीतलं एक, फक्त एक, कुणीतरी ऐन वेळी नको म्हटल्यामुळे गावाच्या दुसऱ्या टोकाला पडून होतं. आमच्या कार्डाच्या पावणेदोनपट भाव. तापल्यावरही दोनशे साठ.

"स्वस्तवालं घेऊ, आणि सगळ्यांना एकशे चाळीसवर आणू," मी म्हणालो.

"पंचांना एकशे साठ लिहून दिलंय. महिन्याभरापासून दोन्ही संघ त्याच आकड्यावर सराव करताहेत." वहिनी पर्स शोधत होती. "जास्त पळणाऱ्याला आवरता येतं, भाऊजी. कमी पळणाऱ्याचं काय करायचं?"

साडेबाराला नवं कार्ड बसलं. पंच शेजारी उभे. वहिनीने लगाम लावला, झाकण बंद केलं, अर्धा तास तापवलं, तीनदा आकडा वाचला. एकशे साठ, एकशे साठ, एकशे साठ. पंचांनी सही केली. मग दोन्ही संघांसमोर कोण कुठे बसणार याच्या चिठ्ठ्या निघाल्या. ठिणगीला सात नंबर आला. वहिनीचा चेहरा उतरलेला मी पाहिला, पण चिठ्ठी ती चिठ्ठी.

पंचांनी नियम वाचले. तेरा डाव आधी जिंकेल तो संघ विजयी. मशीनमध्ये फायद्याचा दोष निघाला, तर तो कळवेपर्यंत त्या बाजूने जिंकलेले डाव रद्द; समोरच्यांचे डाव कायम. मी ऐकलं. लग्नातली भाषणं ऐकतो तसं ऐकलं.

सुरू होणार तोच ठिणगीचा हेडफोन लागेना. पंचांच्या परवानगीने वहिनीने सात नंबर बंद करून पुन्हा सुरू केलं. हेडफोन लागला. इथेच ती चुकली. जुन्या नऊ कार्डांवर लगाम कायमचा ठेवलेला होता, सहा वर्षांपूर्वी, एकदाच. नव्यावर "कायम ठेवा" ही खूण करायची असते हे तिच्या हाताला आठवलंच नाही. मशीन बंद झालं आणि लगाम सुटला.

दारात गर्दी आत घुसत होती, ती आवरायला वहिनी निघाली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही आकड्यांवर नजर ठेवा. काही हललं तर सरळ हात वर करा."

काउंटरवरच्या माझ्या पडद्यावर दहाही मशीनांचे आकडे दिसतात. पहिले दोन डाव मी आकड्यांकडे बघितलंच नाही, पोरीच्या पाठीकडे बघत होतो. एक डाव आमचा, एक त्यांचा. तिसरा आमचा झाला तेव्हा नजर खाली गेली. नऊ ठिकाणी एकशे साठ. सातपुढे दोनशे एकोणसाठ.

मी हात वर केला नाही.

आधी वाटलं, आकडा चुकीचा असेल. मग वाटलं, पडदा तर एकशे साठच्या वर दाखवतच नाही, मग फरक कसला? हे मी स्वतःला समजावत होतो आणि ते खोटं आहे हेही मला माहीत होतं. बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होतो. वहिनीने मला शंभरदा सांगितलं होतं. तेवढ्यात चौथाही आमचा झाला आणि ठिणगीने मागे वळून माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला. मीही दाखवला.

दोन डाव रद्द होणार होते तेव्हा सांगणं सोपं होतं. पाच झाल्यावर ते जड झालं. सात झाल्यावर मी पडद्यावर वर्तमानपत्र टेकवलं. बरोबर वाचलंत, मी, पन्नाशीचा माणूस, वर्तमानपत्र टेकवून मूग गिळून बसलो. प्रत्येक डाव जिंकला की लोक टाळ्या वाजवायचे, मीही वाजवायचो. नऊ-सहा. दहा-सहा. दहा-सात. अकरा-सात. आणखी दोन, मी मनात म्हणत होतो, फक्त दोन, मग सगळं संपेल आणि कुणाला कळणार नाही.

गर्दी शांत झाली होती. वहिनी काउंटरवर आली, पाण्याची बाटली घेतली, आणि तिने वर्तमानपत्र उचललं.

तिने सातपुढचा आकडा वाचला. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, दोनच राहिलेत," मी पुटपुटलो. "पडद्यावर दिसतही नाही तो फरक."

"दिसत नाही तर लगाम का लावतो आपण?"

"अगं, तिचं वर्ष आहे हे. तुझी मुलगी आहे ती."

"ती आहे म्हणूनच मला कळत नाहीये काय करू," वहिनी म्हणाली. तिचा आवाज असा कापताना मी दादा गेला तेव्हाही ऐकला नव्हता. तिने पाठमोऱ्या पोरीकडे पाहिलं. पोरगी पुढे झुकून बसली होती आणि मनगटाचा पट्टा सैल झाला होता. वहिनीने बाटली खाली ठेवली आणि हात वर केला.

खेळ थांबला. पंच आले, त्यांनी आकडा पाहिला, सात नंबरपाशी जाऊन पुन्हा पाहिला. "चूक माझी आहे," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खेळणाऱ्यांची नाही. लगाम कायम करायला मी विसरले." पंचांनी नियम पुन्हा वाचला. या वेळी मी नीट ऐकला. फळ्यावरचे अकरा पुसले गेले. शून्य-सात.

ठिणगीने कुणाकडेच पाहिलं नाही. लगाम बसेपर्यंत दहा मिनिटं ती हात मांडीवर ठेवून बसून होती. मग खेळ सुरू झाला आणि पोरगी पेटली. तिचे चार साथीदारही पेटले. एक-सात, दोन-सात, चार-आठ. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. सात-दहा झालं तेव्हा समोरचा कप्तान घाम पुसत होता. नऊ-अकरा. दहा-बारा. शेवटच्या डावात ठिणगी एकटी उरली, समोर दोघे. एकाला तिने टिपलं. दुसऱ्याने तिला.

दहा-तेरा.

समोरच्या संघाने येऊन हात मिळवले. तिने मिळवले. साथीदारांना मिठ्या मारल्या, त्यातला एक रडत होता त्याची समजूत काढली. सगळे पांगल्यावर ती की-बोर्ड काखेत मारून काउंटरपाशी आली. वहिनी हिशेब द्यायला उभं राहावं तशी उभी राहिली, काय येईल ते घ्यायला.

"कधी बघितलंस?" तिने आईला विचारलं.

"आत आले आणि बघितलं. अकरा-सातला. लगेच हात वर केला."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. खरंच ठीक आहे असं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण इथे तर तू बसला होतास ना, काका?"

काउंटरवरचं वर्तमानपत्र अजून तिथेच होतं. खोटं बोलायची माझी तयारी होती, शब्दही तोंडात होते. पण वहिनी माझ्याकडे बघत होती.

"तिसऱ्या डावाला बघितलं," मी म्हणालो.

ठिणगी मनातल्या मनात मोजत होती. आईसारखीच, ओठ न हलवता.

"तेव्हा आमचे दोन होते," ती म्हणाली. "दोन गेले असते. लगाम लागल्यावर आम्ही दहा घेतले आणि त्यांना सहाच मिळाले. दहा-सहा, काका. आम्ही त्यांच्यापेक्षा चांगले होतो."

"मला वाटलं, तू जिंकतेयस..." मी म्हणालो.

"माझ्यासाठी गप्प बसलास?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचीही मला लाज वाटत होती. तिने की-बोर्ड काउंटरवर ठेवला, पट्टा सोडला, आणि लालभडक झालेलं मनगट चोळत उभी राहिली.

"एकदा मला तरी विचारायचंस," ती म्हणाली. "मी स्वतः हात वर केला असता."