वंदनाचा गुरुवार

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. "मावशी, आई गेली... चहा घेता घेता गेली," तिची लेक म्हणाली. सहा आठवडे झाले त्याला. रडून झालं, राग मात्र जात नाही.

राग शोकसभेचा आहे. एका गृहस्थांनी माइक धरून सांगितलं, "ताईंनी बावीस वर्षांत एक सुट्टी घेतली नाही. दवाखान्याचं दार कधी बंद नव्हतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

साफ खोटं. दर गुरुवारी दार बंद असायचं, आणि ते बंद ठेवायला माझी मैत्रीण किती झगडली ते मी पाहिलंय. वाशीममध्ये तिचा वाचाउपचाराचा दवाखाना. अडखळत बोलणारी मुलं, लकव्यानं वाचा गेलेली माणसं... दिवसभर त्यांच्या तोंडून एकेक अक्षर काढायचं. चार वर्षांपूर्वी तिचाच आवाज बसला. घरी लेकीशी बोलायलाही जीव उरेना. एकदा पेशंटसमोर ती नुसतीच बसून राहिली, पुढचं वाक्यच सुचेना. घाबरली. तेव्हापासून गुरुवारी काम बंद, बोलणं बंद. हळूहळू आवाज परतला, हसूही परतलं. गावानं काय केलं? दार बडवलं. "लय घमंड चढला बाईले," असं त्याच माइकवाल्या गृहस्थांना तिच्या फाटकाशी बोलताना मी ऐकलंय.

आणि मी तरी कोण मोठी! लकव्यानं सासऱ्यांची वाचा गेली, तेव्हा त्यांना घेऊन मी आमच्या गावाहून, अनसिंगहून, नेमकी गुरुवारीच गेले. "वंदे, पाच मिनिटं पाह्य ना, घरचेच हायेत."

ती दारातच उभी राहिली. "घरचे हायेत म्हणूनच उद्या आण. आज बसली तं अर्धं ध्यान राहीन माह्यं. त्याईले अर्धी वंदना कायले देऊ?"

मी फणकारून परतले. महिनाभर अबोला धरला. दर शुक्रवारी सासऱ्यांना नवराच नेत राहिला. शेवटी मीच त्यांना घेऊन गेले, तर ती म्हणाली, "बस. चहा ठेवून राह्यली." इतकंच.

त्या दिवशी ती सासऱ्यांकडून एकच शब्द घोटून घेत होती. 'पाणी' नाही, 'देवा' नाही. मी विचारलं, "हाच काहून?"

"सारे इचारल्याबिगर भरवतात, उठवतात, निजवतात त्याईले. आधी थांबवता तं आलं पाह्यजे."

आता रोज जेवताना कोणी वाढायला वाकलं, की सासरे ताटावर हात धरतात. जीभ जमवायला वेळ लागतो... मग दोन्ही अक्षरं स्वच्छ येतात.

"नको."

आणि वाढणारा हात थांबतो.