दृष्टीला गेलेल्या मिरच्या

आईच्या माहेरच्या मिरचीचं बी आमच्या घरात तिच्या दागिन्यांपेक्षा जास्त जपलं जातं. ठेंगणी, जाड सालीची, बेताची तिखट. सांडगी मिरची करावी तर हिचीच. कोल्हापूरकडचं ते घर मामाने विकलं, परसही गेलं, आणि आता ही मिरची उरली ती फक्त आमच्या रावपुऱ्यातल्या गच्चीवर. त्यात गेल्या वर्षी झाडांवर रोग पडला, पानं आकसली आणि एकच झाड वाचलं. त्याच्या मिरच्या झाडावरच लाल होऊ दिल्या, मग आईने त्या दोऱ्यात ओवून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगल्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आत्याला नव्हतं. ती पाणीगेटहून माझ्या तान्ह्या मुलीला बघायला आली होती. आई भजनाला गेलेली, मुलगी सारखी किरकिरत होती, आणि आत्याच्या मते जगातल्या सगळ्या रडण्याचं कारण एकच. मी दूध घेऊन परत येईपर्यंत खिळा रिकामा झाला होता आणि मीठ-मोहरीबरोबर मिरच्या तव्यावर काळ्या पडल्या होत्या.

“बघितलंस ने?” आत्या तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली. “जरासुद्धा ठसका नाही. केवढी दृष्ट लागली होती पोरीला.”

मुलगी गाढ झोपली होती, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आईला आता काय सांगायचं? मी मनातल्या मनात चडफडत बसलो.

आई आली. मी कसंबसं सांगितलं. तिने तव्याकडे पाहिलं, आत्याला चहा घेणार का विचारलं आणि मग म्हणाली की बी तिने आदल्या दिवशीच काढून घेतलं होतं. खिळ्याला होती ती फोडणीसाठी ठेवलेली रिकामी सालं; ठसका येणार कुठून? बी रात्रभर ताकाच्या पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून तिने स्टीलच्या डबीत घातलं होतं आणि डबी वायफायच्या खोक्यावर ठेवली होती. तिथे ऊब असते म्हणे. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच फरशीवर बसलो. आत्या मात्र जरा हिरमुसली. एवढी मोठी दृष्ट हातची गेली होती.

तरी धाकधूक होतीच. रोगातून वाचलेल्या झाडाचं बी, रुजेल की नाही कोण जाणे. आई रोज फडकं उलगडून बघायची आणि पुन्हा गुंडाळायची. आत्याही फोन करून बाळाआधी बियांची चौकशी करायला लागली. शेवटी न राहवून ती स्वतःच आली, आणि तिच्यासमोरच आईने डबी उघडली. फडक्यावर बारीक पांढरे मोड दिसत होते. आईने डोळ्यांना पदर लावला. तिला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही.

आत्याही गहिवरली. एवढ्या कौतुकाच्या बियांना कुणाची नजर लागायला नको, म्हणाली.

“काढा की दृष्ट, वन्सं,” आई म्हणाली. “फक्त मिरच्या तुमच्या घरून आणा.”