चिनी मातीचे ब्रेक

ही गोष्ट सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चूळ भरायच्या निमित्ताने उठून जात असे. आता उठायलाच इतका वेळ लागतो की तेवढ्यात समोरचा पुढचा प्रश्न विचारून मोकळा होतो. म्हणून लिहून टाकतो.

पुणे-सातारा रस्ता चौपदरी झाला त्या सुमाराची गोष्ट. मार्गासनीच्या वर आमची डोंगरउताराची जमीन होती. तिच्यात नाचणीसुद्धा नाराजीनेच उगवायची. पुण्याच्या एका बिल्डरला तिथून धरणाचं पाणी दिसलं आणि त्याने ती घेतली. सौदा झाल्यावर त्याच्या पार्किंगमध्ये मला एक तांबडी, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी दिसली. त्याला ती नकोशी झाली होती, मला हवीशी झाली. पन्नाशी ओलांडलेला, धोतर नुकतंच सोडलेला कामथडीचा शेतकरी परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन घरी आला.

बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली. "हिच्यात बसायचं का निजायचं?" म्हणाली. एकदाच बसली. उतरताना दोन जावांनी दोन हात धरून तिला विहिरीतून काढल्यासारखी बाहेर काढली. त्यानंतर ती आयुष्यभर एसटीने गेली.

बिल्डरने गाडी देताना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली होती. हिचे ब्रेक सिरॅमिकचे आहेत. साधी लोखंडी डिस्क तापते, थकते, गंजते. ही तापत नाही, गंजत नाही, जन्मभर पुरते. नुसत्या या ब्रेकच्या किमतीत दोन ट्रॅक्टर येतात. शहाण्या माणसाने हे ऐकून ट्रॅक्टर घेतले असते. मला तो गाडीचा मोठेपणा वाटला आणि हळूहळू माझाही.

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी रोज त्यावर व्याख्यान देऊ लागलो. सिरॅमिक म्हणजे काय, हे एकाने विचारलं. मी म्हणालो, चिनी माती. तिथेच मी फसलो.

"म्हंजी बरणीचं ब्रेक?" जीपमध्ये प्रवासी भरून वडाप करणाऱ्या एकाने विचारलं.

"आन् लोणचं कुठं भरायचं?" दुसरा म्हणाला.

त्या दिवसापासून लाखोंची ती गाडी भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत 'कपबशी' झाली. "अण्णा, कपबशी हळू आपटा, टवका जाईल," असं गतिरोधकापाशी कुणीही म्हणायचं. गतिरोधक ओलांडायला मी गाडीत दोन फळ्या ठेवल्या होत्या. आधी उतरायचं, फळ्या लावायच्या, गाडी चढवायची, पुन्हा उतरून फळ्या उचलायच्या. जगातली उत्तम थांबणारी गाडी माझ्याकडे होती खरी. तिला थांबण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

भोरमध्ये एक मिस्त्री होते. मुसलमान, माझ्याच वयाचे, मितभाषी. ब्रेकचं काम त्यांचंच. वरंधा घाटात चौदा माणसं भरून उतरणाऱ्या जीपा, हिर्डोशीच्या बाजूने येणारे टेम्पो, सगळे त्यांच्याकडे यायचे. नवे लायनर टाकले की ते स्वतः गाडी घेऊन उतारावर जायचे आणि परत आल्याशिवाय चावी द्यायचे नाहीत. घाटातली म्हातारी माणसं जीपमध्ये बसण्याआधी ड्रायव्हरला विचारायची, "ब्रेक मिस्त्रींनी केल्यात का?" हो म्हटलं की पाय आत टाकायची. मिस्त्रींची कमाई ती एवढीच होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी माझे ब्रेक किंचाळू लागले. मी गाडी त्यांच्याकडे नेली. असा माल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी चाकं उतरवण्याआधी त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले आणि कोरं फडकं काढलं. पॅड काढून पाहिले, धूळ पुसली, पुन्हा जसेच्या तसे बसवले.

"अण्णा, माल एक नंबर हाय," ते म्हणाले. "पर ह्यो शर्यतीचा. तिथं घडीघडीला दोनशेच्या वेगानं येऊन थांबायचं आसतंय, तवा लोखंड लाल हुतं, ह्ये टिकतं. तुमी थांबताय कशासाठी? म्हशीसाठी. थंड हाईत म्हनून वरडत्यात."

"म्हणजे पैसे फुकट गेले म्हणता?"

"न्हाई वो. सोन्याचं इळं केलं तर सोनं खोटं न्हाई हुत. पर गवत लोखंडाच्या इळ्यानंच कापत्यात."

हॉटेलातली चार माणसं तिथे उभी होती, ती हसली. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही जीपा करा. विमानाचं कळायला विमानात बसावं लागतं." मिस्त्रींनी चाकांचे नट मोजून आवळले. चावी देताना म्हणाले, "एकच करा. ह्या डिस्कला तेलाचा हात लावू नका. बोट सुदिक न्हाई."

दसऱ्याच्या सकाळी अंगणात हत्यारांची पूजा मांडली होती. कोयता, कुदळ, नांगराचा फाळ. आमच्याकडे फाळाला आधी तेलाचा हात फिरवतात, मग हळद-कुंकू. तेल लोखंड गंजू नये म्हणून असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी मात्र तेलाची वाटी उचलली आणि गाडीकडे गेलो. घरातली सगळ्यात महाग वस्तू कोरडी ठेवायची हे मला बरं दिसेना. चाकाच्या आऱ्यांमधून हात घालून चारही डिस्कना मी मनोभावे तेल चोळलं, वर हळद-कुंकू वाहिलं. जी गंजत नाही म्हणून वर्षभर गावाचे कान किटवले, तिला गंजू नये म्हणून तेल लावलं. मिस्त्रींचं बोलणं तेव्हा आठवलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आठवलं होतं. जीपा करणाऱ्याने मला शिकवू नये, एवढंच वाटलं होतं.

पाहुण्यांना सोनं द्यायला भोरला निघालो. गावातच पाय टेकवला तर ब्रेक नीट धरेनात. थंड असतील, म्हटलं, मिस्त्रीच म्हणाले होते. मग तापावेत म्हणून वेग वाढवला. आयुष्यात त्यांचा सल्ला मी तेवढा एकदाच मानला, तोही उलटा. भोरच्या अलीकडच्या उतारावर वळण आलं, मी ब्रेक दाबला, आणि गाडी काहीच ऐकू न आल्यासारखी सरळ गेली. बांधावर एक बाई गवत कापत होती, ती भारा टाकून बाजूला झाली. गाडी बांध ओलांडून खाचरात शिरली आणि उभ्या भातात रुतून थांबली. चिनी मातीला जे जमलं नाही ते आमच्या चिखलाने केलं.

मला खरचटलंही नाही. त्या बाईने मात्र मला इतक्या शिव्या दिल्या की त्यांतल्या दोन मला नव्या होत्या.

मागून वडापची जीप आली, थांबली, दहा-बारा माणसं उतरली. ड्रायव्हरने भाताकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "अण्णा, ब्रेक लागलं न्हाईत व्हय?"

मी चिखलातून बाहेर येत होतो. एक चप्पल आतच राहिली होती. बारा जण हसायच्या तयारीत होते. मी म्हणालो, "परवाच मिस्त्रींनी चाकं खोलली होती."

एवढंच. कुणावर आळ घेतला नाही. शब्दन् शब्द खरा होता.

हसू थांबलं. जीप भोरला गेली, तिथून वरंध्याकडे, संध्याकाळी वेल्ह्याकडे. दिवाळीपर्यंत घाटातल्या म्हाताऱ्या उलट विचारू लागल्या, "त्या मिस्त्रीकडचं ब्रेक न्हाईत न्हवं?"

गाडी पुण्याच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या इस्त्री केलेल्या पोराने पॅड काढून वास घेतला आणि मला दाखवले. "काका, हे पिवळं काय आहे?"

मी हळद म्हणालो.

"आणि तेल?"

"गोडं तेल."

त्याने वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, चारही डिस्क आणि पॅड बदलावे लागतील. किंमत ऐकून मी गाडी तिथेच मिळेल त्या भावाला विकली आणि एसटीने घरी आलो. त्या ब्रेकचे पैसे वसूल होतात का, असं मला आजही कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. शर्यतीच्या रस्त्यावर होत असतील. म्हशी, गतिरोधक आणि दसरा असलेल्या मुलखात होत नाहीत. हे मिस्त्रींनी मला फुकट सांगितलं होतं.

येताना आधी भोरला जाऊन स्टँडवर उतरलो. मिस्त्रींचं दुकान शंभर पावलांवर होतं. हॉटेलात त्याच चार जणांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हणालो, "कंपनीवाले काय नीट सांगतात का?" आणि चहा प्यालो.

पुढच्या वर्षी मिस्त्रींनी ब्रेकचं काम सोडलं. कुणी देईचना. ते पंक्चर काढू लागले. मी तोवर जुनी जीप घेतली होती. कधी चाकात हवा भरायला थांबलो की ते उठून उभे राहत, हवा भरून देत, पैसे घेत नसत. मला वाटायचं, भला माणूस आहे, विसरला.

काही वर्षांनी असाच एकदा थांबलो होतो. त्यांनी नळी गुंडाळून ठेवली, हात पुसले आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "अण्णा, इचारू का एक? त्या दिशी माझ्याकडनं काय ऱ्हायलं आसंल वो? म्या नट मोजून आवळलं हुतं. पुन्हा पुन्हा मनात खोलून बगतुय, पर चूक घावत न्हाई."

मिस्त्री विसरलेले नव्हते. इतकी वर्षं ती चार चाकं ते मनात रोज उतरवत होते आणि रोज बसवत होते. मी नुसतं तेल म्हटलं असतं तरी त्यांची सुटका झाली असती. आजूबाजूला कुणीही नव्हतं, हसायलासुद्धा.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या मिस्त्री. मी कधीच मनातून काढून टाकलं. चूक माणसाकडूनच होते."

"तुमचं मन मोठं हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी जीप चालू केली.

त्याच पावसाळ्यात ते गेले. मातीला गेलो होतो. कबरस्तानाच्या भिंतीपाशी वडापवाले उभे होते, मी त्यांच्यात उभा राहिलो. मिस्त्रींचा मुलगा जवळ आला, माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "अब्बा सांगायचं, अण्णांनी माफ केलं." मी मान हलवली. जे बोलायला गेलो होतो ते घेऊन परत आलो. ते असं होतं: मिस्त्री, तुमच्याकडनं काहीच राहिलं नव्हतं. तेल म्या लावलं हुतं. मला माफ करा.