उलट्यांची गोड बातमी

आधी वजन उतरवा, मग मुलाचं बघू, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. सगळं करून थकले होते, म्हणून स्वारगेटजवळच्या एका हॉस्पिटलात जठराचा मोठा भाग कापून काढून घेतला. सासूबाईंना मात्र आम्ही दोघांनी सांगितलं, पित्ताशयात खडे होते. नाहीतर, "जिभेवर ताबा ठेवायचा सोडून पोट कापून आलीस होय?" हे जन्मभर ऐकलं असतं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. आधी पोळीचा घास टिकेना, मग वरणाचं पाणीही. सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं आणि माझ्या हातावर आवळासुपारी ठेवली. दुकानातून आणलेली चाचणी 'नाही' म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "घाई केलीस." नवरा डॉक्टरांचं नाव काढायचा, की त्या म्हणायच्या, "बायकांच्या गोष्टीत तू पडू नकोस." खोटं त्याचंही होतं, तो विषय सोडून द्यायचा.

इतक्यात दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी मला बजावलेलं होतं. पण आशा वेडी असते. आणि इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्याशी गोड बोलत होत्या, ते मला मोडवेना. त्या तर स्वतःच्या आईच्या मऊ लुगड्याचं दुपटं शिवायला बसल्या. बाळ जन्मायच्या आधी काही शिवू नये, हे मला शिकवणाऱ्या त्याच.

मग पायांना मुंग्या आल्या. भिंत धरून चालायला लागले. एका सकाळी ओट्यापाशी मला दोन सासूबाई दिसल्या. एकच पुरून उरायच्या.

हॉस्पिटलात कळलं, शिवलेलं जठर मध्येच आवळलं होतं. पोटात काही टिकत नसल्यामुळे शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व संपलं आणि नसांना इजा झाली. "उलट्या थांबत नाहीत म्हटल्यावर लगेच यायचं होतं," डॉक्टर म्हणाले. सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. खड्यांचं खोटं तिथेच उघडं पडलं. त्या वळून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नजर सुधारली, पावलं बधिरच राहिली. मुलाचा विषय आता घरात कुणी काढत नाही.

परवा संध्याकाळी त्यांनी ते दुपटं आणलं आणि माझ्या पावलांवर घातलं. तेवढ्यालाच ते पुरत होतं. कडा खोचत त्यांनी विचारलं, "ऊब लागते का गं?"

मी हो म्हटलं. दुपटं पायांवर आहे हे मला नुसतं दिसत होतं.