हनुवटीपर्यंतची स्की

आमच्या घरात मापाची वस्तू घ्यायची पद्धतच नव्हती. शर्ट असो की चप्पल, एक नंबर मोठाच. "वाढतं अंग आहे" म्हटलं की विषय संपला. साठी उलटली तरी माझा हात अजून मोठ्या मापाकडेच जातो.

यंदा मुलगी सहकुटुंब शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आल्प्सला स्कीइंगला निघाली होती आणि मलाही जायचं होतं. तिशीत, एडिनबराला नोकरीत असताना, मी स्कीइंग शिकलो होतो. पण मुलीनं अट घातली. "बाबा, शनिवारी वॉटफर्डजवळच्या इनडोअर स्लोपवर, त्या छपराखालच्या बर्फाच्या उतारावर, मी उभी असेन तिथे थांबून दाखवा. नाहीतर तुम्ही घरी."

स्की भाड्यानं देणाऱ्या काउंटरवरच्या तरुणीनं उंची आणि वजन विचारलं. वजनाचा आकडा मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात सोबत आलेल्या बायकोनं खरा सांगून टाकला. समोर स्की आल्या त्या माझ्या हनुवटीपर्यंत! एडिनबरात माझ्या स्की डोक्याच्या वर जात. काउंटरवाली म्हणाली, आता स्कींचा आकार बदललाय, शिवाय या वयात आखूड बऱ्या, पटकन वळतात.

"या वयात" ऐकलं आणि मी डोक्यावर जाणारी जोडी मागितली.

"अहो, आता आपण वाढतो ते फक्त आडवे," बायको म्हणाली.

वर गेलो तो रुबाबात. खाली येताना मात्र डावीकडे वळायचा माझा निरोप स्कीच्या टोकापर्यंत पोचायच्या आत उतार संपत आला. मुलगी हात वर करून उभी होती. मीही हात हलवला, तिच्यासमोरून सुसाट गेलो आणि खालच्या जाळीत शिरलो.

"बाबा, तो स्की तुमच्यापेक्षा मोठी आहे!" इथे विलायतेतच जन्मलेली माझी लेक ओरडली. "चेंज करून या. लास्ट चान्स."

मुकाट्यानं आखूड जोडी घेतली. आणि काय सांगू, गुडघा जरा झुकवला की स्की वळत होती! डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि थेट लेकीपुढे येऊन थांबलो.

तिनं तिथूनच जावयाला फोन लावला. "बाबांचं पण बुकिंग कर."

मी विजयी मुद्रेनं बायकोकडे मान वळवली आणि उभ्या जागी आडवा झालो.

"चालेल," लेक म्हणाली. "थांबल्यावर पडलात ना!"